दर दुसऱ्या सोमवारी एक अनोळखी सहकारी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात दोन वर्षं काम करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने हे लिहिलं आहे. आठवड्यातले चार दिवस त्या घरूनच काम करतात. काही महिन्यांपूर्वी कंपनीने ऑफिसच्या चॅटमध्ये एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, आणला. त्या ग्रुपमध्ये नाव घातलेल्या चाळीस जणांच्या तो दर दुसऱ्या सोमवारी जोड्या लावतो. जोडीने पुढच्या पंधरा दिवसांत कधीतरी पंचवीस मिनिटं गप्पा मारायच्या, कामाच्या नाही, सहज. पहिल्या तीन भेटी 'ठीकठाक' झाल्या. चौथ्या वेळी समोरची व्यक्ती आलीच नाही. अकरा मिनिटं वाट पाहून यांनी कॉल बंद केला, संध्याकाळी 'सॉरी, विसरलो' एवढा मेसेज आला. पाचवी जोडी निघाली दुसऱ्या विभागाच्या प्रमुखांशी. ते आपुलकीने बोलले, म्हणून यांनीही मोकळेपणाने सांगून टाकलं की सध्याच्या कामात नवीन काही उरलेलं नाही, विभाग बदलून मिळाला तर बरं. दहा दिवसांनी यांच्या मॅनेजरनी विचारलं, "ऐकलं की तुला इथे कंटाळा आलाय?" आता सहावी जोडी निघाली आहे ती नेमकी अशा सहकाऱ्याशी, ज्याच्याशी आठ महिन्यांपूर्वी प्रवासखर्चाच्या बिलांवरून ईमेलवर चांगलीच खडाजंगी झाली होती. यांनी त्याच्या वरिष्ठांना सीसीत ठेवून बिलं मागितली, त्याने 'नियम शिकवू नका' असं उत्तर दिलं, आणि तेव्हापासून दोघांत कामापुरता ईमेल सोडला तर अबोला आहे.

त्या विचारतात: "मी ग्रुपमधून बाहेर पडू का? पडले तर 'मिसळत नाही' असा शिक्का बसेल का? ही सहावी जोडी एचआरने मुद्दाम लावली असेल का? मी मुळात गप्पिष्ट नाही. पाच भेटींतून एकही मैत्री झाली नाही, म्हणजे दोष माझ्यातच आहे का? आणि अशी ओढूनताणून मैत्री होते तरी का?"

प्रिय मैत्रिणी,

ती अकरा मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. स्क्रीनवरच्या चौकोनात आपलाच चेहरा. केस नीट करायचे, खुर्ची थोडी सरकवायची, दिवा लावायचा, पुन्हा बंद करायचा. कॉल तोडावा म्हणून हात माउसवर जातो आणि तिथेच थबकतो, कारण आपण तोडला आणि पुढच्याच क्षणी ते आले तर? सहाव्या मिनिटाला राग येतो आणि नवव्या मिनिटाला त्या रागाचीच लाज वाटायला लागते. तुम्ही हे सगळं पत्रात एका ओळीत उरकलंत. पण मला वाटतं, हा उपक्रम तुमच्या मनातून उतरला तो त्या दिवशी. विभागप्रमुखांचं प्रकरण झालं ते आधीच दुखावलेल्या जागेवर.

तुमचे प्रश्न मी उलट्या क्रमाने घेते, कारण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बाकीच्यांचं ओझं निम्मं होईल.

ओढूनताणून मैत्री होते का? नाही होत. हे माझं मत म्हणून सांगत नाही, हा साधा हिशेब आहे आणि तुम्ही तर अकाउंट्समधल्या. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली, नव्या गावी राहायला आलेली माणसं आणि नुकतेच कॉलेजात आलेले विद्यार्थी यांच्या ओळखी कशा वाढत जातात याचा माग घेतला. नुसत्या ओळखीतून जेमतेम दोस्ती म्हणावी इथवर यायला सुमारे ५० तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात, मित्र म्हणायला सुमारे ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त, असं त्यांना आढळलं. आता तुमच्या पंचवीस मिनिटांनी भागून बघा. पहिल्या पायरीसाठीच, त्याच एका माणसाशी १२० भेटी लागतील. आणि तुमचा बॉट तर दर वेळी माणूस बदलतो. पाच भेटींत तुमची मैत्री झाली नाही यात तुमचा दोष कुठून आला? ती व्हायचीच नव्हती. तुम्हाला कुणी तसं सांगितलं असेल, किंवा उपक्रमाच्या पोस्टरवर 'नवे मित्र जोडा' असं लिहिलं असेल, तर ती चूक लिहिणाऱ्याची.

पंचवीस मिनिटांत होते ती ओळख. आपण बोलतानासुद्धा 'नुसती ओळख आहे' असं म्हणतो, जणू ओळख म्हणजे मैत्रीची अर्धवट राहिलेली इमारत. तुमच्या पत्राच्या मुळाशी हाच समज आहे असं मला वाटतं. पाचही भेटी तुम्ही मैत्रीच्या मापाने मोजल्यात आणि म्हणून त्या पाचही नापास झाल्या.

माझा एक अनुभव सांगते. मी एका मोठ्या कार्यालयात नोकरीला होते तेव्हा आमच्या इमारतीची लिफ्ट दोन आठवडे बंद होती. पाच मजले चढताना रोज सकाळी दुसऱ्या विभागातले एक गृहस्थ बरोबर असायचे. दम लागलेल्या माणसांचं बोलणं ते काय असणार? तिसऱ्या मजल्यावर दोघेही कठड्याला धरून थांबायचो, ते म्हणायचे, "आज आपण कालच्यापेक्षा लवकर थांबलो." लिफ्ट सुरू झाली आणि बोलणं संपलं. पुढे वर्षभराने माझं एक प्रकरण त्यांच्या विभागात तीन आठवडे अडकून पडलं. मी फोन केला, नाव सांगितलं, आणि ते म्हणाले, "अहो, तुम्ही जुना फॉर्म भरलाय, तो कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही. नवीन पाठवू का तुमच्याकडे?" एवढंच. ते माझे मित्र नव्हते, कधी झालेही नाहीत. पण कुठल्याही पत्राच्या उत्तरात मला मिळालं नसतं ते एका वाक्यात मिळालं, कारण जिन्यात आम्ही एकत्र दम खाल्ला होता.

ऑफिसात ही कामं जिना, व्हरांडा, प्रिंटरजवळची रांग करत असते. थॉमस ॲलन यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात असताना संशोधन प्रयोगशाळांतल्या इंजिनिअरांचा अभ्यास करून १९७७ साली मांडलं की दोन माणसांच्या टेबलांतलं अंतर वाढत गेलं की त्यांचं एकमेकांशी बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे ते जवळजवळ तळाला जातं. म्हणजे त्या काळीही कोण कुणाशी बोलेल हे बऱ्याच अंशी टेबलं मांडणाऱ्याने ठरवलेलं असायचं. 'नैसर्गिक' वाटणाऱ्या ओळखींमागेही कुणाचा तरी नकाशा होता. तुम्ही म्हणता, बॉटने ठरवलेल्या गप्पा कृत्रिम असतात. असतात, मान्य. पण टेबलाची जागाही आपण कुठे निवडलेली असते?

आणि घरून काम करताना तर तो नकाशाही राहत नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची २०२० च्या पहिल्या सहामाहीतली माहिती तपासली. त्यात दिसलं की सगळे घरून काम करू लागल्यावर आपल्या गटाबाहेरच्या माणसांबरोबर जाणारा कामाचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. जवळची माणसं आणखी जवळ आली आणि लांबची सुटली. जोड्या लावणारी टूल्स ही सुटलेली टोकं बांधण्यासाठी आहेत. कल्पना त्याआधीचीच, ब्रिटनमधल्या नेस्टा या संस्थेने चिठ्ठ्या टाकल्यासारख्या जोड्या लावून 'रँडमाइज्ड कॉफी ट्रायल' नावाने हा प्रकार चालवला होता, आणि पुढे स्लॅक या ऑफिस-चॅटवरच्या डोनटसारख्या ॲपनी तो आपोआप होईल अशी सोय केली.

लांबच्या ओळखीचं मोल किती असतं, याचा एक जुना दाखला मला फार आवडतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बॉस्टनजवळच्या एका उपनगरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना विचारलं होतं की ज्याने बातमी दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा. वरचेवर भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५ टक्क्यांहून जास्त, आणि उरलेले क्वचित भेटणारे. जवळच्या माणसांना आपल्याला जे माहीत असतं तेच माहीत असतं, नवी बातमी लांबून येते. तुम्हाला विभाग बदलायचा आहे ना? मग तुमच्यासाठी ही माहिती इतर कुणापेक्षाही जास्त कामाची आहे. पण त्याकडे मी पुढे येते.

आता 'मी गप्पिष्ट नाही' याबद्दल. पहिल्या तीन भेटी ठीकठाक झाल्या असं तुम्ही लिहिलंत. त्या तिघांना विचारलं तर ते काय म्हणतील? २०१८ साली मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने अनोळखी माणसांना बोलायला बसवून नंतर दोघांनाही वेगवेगळं विचारलं, आणि पुन्हा पुन्हा असं दिसलं की समोरच्याला आपण जितके आवडलो असं माणसांना वाटतं, त्यापेक्षा ती प्रत्यक्षात जास्त आवडलेली असतात. बोलून झाल्यावर आपण आपल्याच अडखळण्याची उजळणी करत बसतो, समोरचा त्याच्या. तुम्ही स्वतःलाच एक परीक्षा घालून बघा. त्या तिघांपैकी कुणाला उद्या कामाचा निरोप टाकायचा झाला तर पहिली ओळ लिहिताना हात तितका अडखळेल का, जितका सहा महिन्यांपूर्वी अडखळला असता? उत्तर 'नाही' असेल तर त्या भेटी वाया गेलेल्या नाहीत.

शिवाय गप्पिष्ट असणं हे या पंचवीस मिनिटांसाठी फारसं उपयोगाचं नाही. उपयोग होतो तो दुसऱ्या प्रश्नाचा. पहिला प्रश्न कुणीही विचारतं, "काय काम करता?" त्याच्या उत्तरातला एक धागा पकडून विचारलेला दुसरा प्रश्न समोरच्याला सांगतो की आपलं बोलणं ऐकलं गेलं. २०१७ मध्ये झालेल्या एका अभ्यासातही असे मागोवा घेणारे प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात असं दिसलं होतं. शांत माणसांना हे छान जमतं, कारण ती मुळातच ऐकत असतात. सुरुवातीला काय विचारावं हे सुचत नसेल तर मी एक प्रश्न देते, तो कुठल्याही ऑफिसात चालतो: "तुमच्या कामातली अशी कुठली गोष्ट आहे जी बाहेरच्यांना सोपी वाटते पण तुमचा अख्खा दिवस खाते?" माणसं यावर भरभरून बोलतात. लग्न, मुलं, पगार, वय यांत आपण शिरू नये. कुणी शिरलंच तर "ते राहू दे, तुम्ही मघाशी म्हणालात ते..." असं म्हणून गाडी वळवावी, त्यात उद्धटपणा काहीच नाही.

आणि शेवट आधीच ठरवून घ्या. २०२१ साली एका अभ्यासात असं दिसलं की दोघांनाही हवं असतं त्या क्षणी संपणारं संभाषण शंभरात दोनच असतं. म्हणजे 'कधी उठावं' या अवघडलेपणात जगातली जवळजवळ सगळीच माणसं आपल्यासोबत आहेत. म्हणून सुरुवातीलाच सांगायचं, "मला बरोबर साडेचारला दुसरीकडे जायचंय." मग साडेचारपर्यंत मन मोकळं राहतं. कॅमेऱ्याचा ताण येत असेल तर साधा फोन करूया असं सुचवा, चालता चालता बोला. अनेकांना तेच बरं वाटतं, फक्त आधी कुणी म्हणत नाही.

न येणाऱ्यांचं काय करायचं? पाच मिनिटं थांबायचं. मग "आज जमलं नाही वाटतं, तुमच्या सोयीची दुसरी वेळ कळवा" एवढं लिहून कॉल बंद करायचा आणि चेंडू त्यांच्याकडे सोडून द्यायचा. 'विसरलो' म्हणजे बहुतेक वेळा खरंच विसरलोच असतं. तरी ज्यांनी आपल्या जोडीदाराला असं बसवून ठेवलंय अशा वाचकांना मला कळकळीने सांगायचंय, की पलीकडे एक माणूस स्वतःचा चेहरा बघत बसलेला असतो. येणं जमणार नसेल तर दोन शब्द आधी लिहा, आणि विसरलात तर नुसतं सॉरी म्हणून थांबू नका, नवी वेळ तुम्हीच सुचवा.

आता विभागप्रमुख. इथे मी तुमच्या बाजूने उभी आहे आणि ते स्पष्ट म्हणते. सहज गप्पांत कुणी सांगितलेली गोष्ट त्याला न विचारता त्याच्या मॅनेजरपर्यंत नेणं चूक आहे. हेतू चांगला असला तरी चूक आहे. आणि हेतू चांगला असण्याची शक्यता इथे बरीच आहे, एवढं मात्र लक्षात घ्या. एका विभागाच्या प्रमुखाला कळतं की कुणाला विभाग बदलायचाय. त्याच्या डोक्यात लगेच जागा, माणसं, शिफारस असं चक्र सुरू होतं. त्याला वाटतं आपण मदत करतोय. 'नवीन काही उरलेलं नाही' या तुमच्या वाक्याचं दोन तोंडांतून जाता जाता 'कंटाळा आलाय' झालं, यात दुष्टावा असेलच असं नाही. पण हा माझा अंदाज झाला. खरं काय ते त्यांनाच माहीत, आणि तुम्ही अजून त्यांना विचारलेलं नाही.

विचारा. शक्यतो समोरासमोर किंवा फोनवर, चॅटवर नको. "सर, त्या दिवशी आपण बोललो ते आपल्या दोघांतलं आहे असं मी धरून चालले होते. माझ्या मॅनेजरकडून ते मला परत ऐकायला मिळालं तेव्हा मला फार अवघडल्यासारखं झालं." एवढं बोलून थांबायचं. 'तुम्ही असं का केलंत' हे शब्द तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत, ते आपणहून सांगतील. ते ओशाळले तर तुम्हाला एक जाणता माणूस मिळाला. त्यांनी उडवून लावलं तर तेही कळलं, पुढच्या वेळेसाठी.

एक गोष्ट मात्र तुम्हीही पुन्हा तपासून बघा. बॉट जोडी लावताना दोघांना एका पातळीवर बसवतो, पण कंपनीची उतरंड त्याने पुसली जात नाही. ज्याच्या एका शब्दाने आपल्या नोकरीत फरक पडू शकतो, त्याच्याशी पहिल्याच भेटीत मन मोकळं करू नये. ती माणसं वाईट असतात म्हणून नव्हे, तर कुठली गोष्ट कुठपर्यंत न्यायची याची सीमा अजून दोघांत ठरलेली नसते म्हणून. काही नाजूक सांगायचंच असेल तर आधी म्हणायचं, "हे आपल्यातच ठेवाल ना?" या चार शब्दांची लाज बाळगू नका. आणि ऑफिसच्या चॅटमध्ये जे टाइप कराल ते कंपनीला वाचता येऊ शकतं असंच धरून चाला, मग ती खिडकी कितीही खासगी दिसो.

मॅनेजरच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. बहुतेक 'नाही नाही, तसं काही नाही' म्हणाला असाल. साहजिक आहे. पण गोष्ट बाहेर आलीच आहे तर ती अर्धवट लोंबकळत ठेवण्यापेक्षा तुमच्या शब्दांत नीट मांडलेली बरी. वेळ मागून घ्या आणि सांगा: "त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी गडबडले. कंटाळा हा शब्द माझा नाही. दोन वर्षांत हे काम मला नीट येऊ लागलंय आणि मला आणखी शिकायचंय. इथेच वेगळी जबाबदारी मिळू शकते का, की दुसऱ्या विभागासाठी प्रयत्न करू, याबद्दल तुमचं मत हवंय." यात खोटं काहीच नाही आणि कंटाळ्याची जागा महत्त्वाकांक्षेने घेतली.

सहावी जोडी एचआरने मुद्दाम लावली असेल का? मला नाही वाटत. चाळीस माणसांत एकूण ७८० जोड्या होतात. एका फेरीत वीस निघतात, आणि अशी बरीचशी टूल्स लगेच तीच जोडी पुन्हा येऊ देत नाहीत. एकही जोडी परत न लावता सगळ्या संपवायच्या तर ३९ फेऱ्या, म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे दीड वर्ष. त्यात तो सहकारीही कधीतरी येणारच होता. पहिल्या सहा फेऱ्यांत येण्याची शक्यता ३९ मध्ये ६, सुमारे १५ टक्के. फार नाही, पण कट शिजल्याचा संशय घ्यावा इतकी कमीही नाही. एचआरला तुमच्या त्या ईमेलची आठवण असण्याचं कारणही मला दिसत नाही. ते ईमेल फक्त दोन माणसांना आठवतात.

राहिला बाहेर पडण्याचा प्रश्न. कुणालाही, कधीही, कारण न देता बाहेर पडता आलं तरच असा उपक्रम ऐच्छिक म्हणायचा. तुम्हाला शिक्क्याची भीती वाटते, याचा अर्थ ही गोष्ट तुमच्या कंपनीत कुणी स्वच्छ सांगितलेली नाही. मग तुम्हीच एचआरला विचारा, तक्रारीच्या सुरात नाही, माहिती म्हणून: "भेट झाली की नाही याची नोंद कोण बघतं? मूल्यमापनात ती येते का? एक-दोन फेऱ्या थांबता येतं का? वरिष्ठांशी जोडी नको असेल तर तशी सोय आहे का?" अशी टूल्स बहुधा 'भेट झाली का' एवढंच विचारतात आणि किती जोड्या भेटल्या याचा आकडा चालवणाऱ्याला दाखवतात. काहींमध्ये ठरावीक माणसांच्या जोड्या टाळण्याची सोयही असते. तुमच्या कंपनीत काय आहे ते विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि न विचारता शिक्क्याच्या भीतीने महिनोन्महिने बसून राहणं हे सगळ्यात वाईट. हा उपक्रम चालवणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर त्यांना माझी विनंती आहे की ही चार उत्तरं ग्रुपच्या माथ्यावर लिहून ठेवा. आणि भेटींच्या आकड्याचं लक्ष्य कुणालाही देऊ नका. सक्तीने दिलेला हात कुणालाच नको असतो.

माझं मत विचाराल तर आज बाहेर पडू नका. आज पडलात तर ते दुखावल्यामुळे पडाल आणि ग्रुपचं नाव दिसलं की तेच आठवत राहील. विभागप्रमुखांशी बोला, मॅनेजरशी बोला, सहावी भेट घ्यायची की नाही ते ठरवा, आणि मग दोन फेऱ्या सुट्टी घ्या. महिन्याभराने हायसं वाटलं तर खुशाल नाव काढून टाका. दर पंधरा दिवसांनी एक अनोळखी माणूस हे काहींना झेपत नाही आणि त्यात कमीपणा नाही. मग वर्षातून चार माणसांना, तुम्ही निवडलेल्या, स्वतःहून फोन करा. कामासाठी ओळख लागते, बॉट लागत नाही.

सहाव्या भेटीबद्दल. तुम्ही लिहिलंत 'ईमेलवर खडाजंगी झाली', आणि त्याच ओघात 'त्याच्या वरिष्ठांना सीसीत ठेवून' हेही. तुमच्यासाठी भांडण बिलांचं होतं. त्याच्यासाठी ते बहुधा त्या सीसीचं होतं. नियम तुमच्या बाजूने होता, बिलं मागणं तुमचं कामच, यात मला शंका नाही. पण साहेबांसमोर उघडं पडल्यासारखं वाटलेला माणूस नियमाचं काही ऐकत नाही. 'नियम शिकवू नका' हे वाक्य त्या जागेवरून आलेलं असू शकतं.

त्याला लिहा: "नमस्कार, आपली जोडी निघाली आहे. मागे बिलांवरून आपल्यात जे झालं ते मला आठवतं, तुम्हालाही आठवत असेल. तेव्हा थेट तुमच्याशी न बोलता मी वरिष्ठांना मध्ये आणलं, ते मला आता बरं वाटत नाही. बोलायची इच्छा असेल तर गुरुवारी चारला पंचवीस मिनिटं फोनवर बोलू. नसेल तरी हरकत नाही." उत्तर नाही आलं तर ही फेरी जाऊ द्या, पाठपुरावा करू नका. आलं, तर बिलांचा विषय पहिल्या पाच मिनिटांत तुम्हीच काढून संपवा. उरलेल्या वीस मिनिटांसाठी प्रश्न शोधायला लांब जायची गरज नाही. ती बिलं ज्या प्रवासाची होती तो प्रवास कसा झाला, हे तुम्ही त्याला अजून विचारलेलंच नाही.